इच्छेला तारीख द्या



रविवारची संध्याकाळ आहे. उद्या तुमच्यातल्या बऱ्याच जणांना सकाळची पहिली शिफ्ट आहे. तरीही तुम्ही आलात. कोणी इरुंगाट्टुकोट्टईहून, कोणी ओरगडमहून, कोणी थेट तांबरमहून. कोल्हापूर, सांगली, नाशिक, लातूर, बेळगाव अशी सगळी गावं आज श्रीपेरुंबुदूरच्या या एका हॉलमध्ये बसली आहेत. 

कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी चहा घेताना मी तुमच्यातल्या काही जणांशी गप्पा मारल्या. एकाला गावाकडे स्वतःचं वर्कशॉप टाकायचं आहे. एकाला राज्यसेवा द्यायची आहे. एका मुलीला पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीला जायचं आहे. एकाचा धाकटा भाऊ सैन्यात भरतीची तयारी करतोय. सगळ्या इच्छा चांगल्या, सगळ्या मनापासून. मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, “कधी?” आणि सगळ्यांनी एकच उत्तर दिलं, “बघू.”

आजचं माझं बोलणं या “बघू”विषयी आहे. माझ्या अनुभवात, माणसाची इच्छा कमी पडते म्हणून स्वप्नं मरतात असं फार क्वचित होतं. “बघू”मध्ये ती हळूहळू विरून जातात. आणि तुमच्या बाबतीत हे जास्त धोक्याचं आहे. तुम्ही घरापासून हजार किलोमीटर लांब येऊन राहिला आहात. वयाची सर्वात ताकदीची वर्षं इथे खर्च करताय. दर महिन्याला पगार येतो, त्यातला काही गावी जातो, आणि एक वर्ष कधी संपलं ते कळत नाही. पाच वर्षं अशी गेली की माणूस म्हणतो, राहून गेलं. ते राहून जाऊ नये, एवढ्यासाठी आपण तासभर बोलणार आहोत.

सुरुवात तुमच्याच कारखान्यापासून करू. लाईनच्या शेवटी एक बोर्ड असतो. या तासाचं टार्गेट किती, प्रत्यक्ष निघाले किती. फरक पडला तर का पडला. तासातासाला हिशेब. आता मला सांगा, दुसऱ्याच्या गाड्या बनवताना आपण तासाचा हिशेब ठेवतो आणि स्वतःच्या आयुष्याचा वर्षाचाही ठेवत नाही, हे कसं चालेल?

सैन्यात आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवलं जातं की “शत्रूला हरवायचं आहे” हा आदेश नसतो. ती इच्छा झाली. आदेश असा असतो: अमुक टेकडी, नकाशावरचा अमुक बिंदू, अमुक वेळेपर्यंत, अमुक पलटणीने ताब्यात घ्यायची. जागा, वेळ आणि जबाबदार माणूस. या तीनपैकी एक जरी गोष्ट नसली तर समोर बसलेला सुभेदार विचारतो, “साहेब, नक्की करायचं काय?” तुमच्या इच्छेला हाच प्रश्न विचारून बघा. “मला मोठं व्हायचं आहे”, यावर सुभेदार काय म्हणेल? “मला ३१ मार्चपर्यंत जर्मन भाषेची पहिली पातळी पास व्हायची आहे, रोज रात्री आठ ते नऊ अभ्यास करून.” यावर सुभेदार मान डोलवेल.

आता मी तुम्हाला एका जवानाची गोष्ट सांगतो. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा हा मुलगा. आईवडील वीटभट्टीवर कामाला. शाळा लांब, एसटीची सोय नाही, म्हणून पायी किंवा पळत जायचं. बारावी झाल्यावर तो महार रेजिमेंटमध्ये भरती झाला. सियाचीनच्या बर्फात राहिला, राजस्थानच्या वाळूत राहिला, सिक्कीमला राहिला. तोपर्यंत तो धावपटू नव्हता. सैन्यातल्या क्रॉसकंट्री शर्यतींत तो पळायला लागला, आणि २०१७ च्या सुमारास त्याने ३००० मीटर स्टीपलचेस हा प्रकार धरला. त्याचं नाव अविनाश साबळे.

स्टीपलचेस म्हणजे नुसतं पळणं नाही. साडेसात फेऱ्या, त्यात २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्यावरची उडी. पुरुषांसाठी अडथळ्याची उंची जवळजवळ ९१ सेंटिमीटर. हर्डल्सच्या शर्यतीत धक्का लागला तर अडथळा पडतो, इथे अडथळा पडत नाही, आपण पडतो.

या प्रकारात भारताचा राष्ट्रीय विक्रम गोपाल सैनी यांच्या नावावर होता. १९८१ सालचा, ८ मिनिटं ३०.८८ सेकंद. ३७ वर्षं तो कोणी मोडला नव्हता. २०१८ मध्ये भुवनेश्वरला अविनाशने ८ मिनिटं २९.८० सेकंद वेळ दिली. विक्रम मोडला, पण जेमतेम एका सेकंदाने.

आता पुढचे आकडे नीट ऐका. २०१९ च्या मार्चमध्ये ८:२८.९४. त्याच वर्षी दोह्याच्या जागतिक स्पर्धेत आधी ८:२५.२३ आणि तीनच दिवसांनी अंतिम फेरीत ८:२१.३७. २०२१ मध्ये पतियाळाला ८:२०.२०. टोकियो ऑलिम्पिकमध्ये ८:१८.१२. २०२२ मध्ये तिरुवनंतपुरमला ८:१६.२१, मग मोरोक्कोतल्या राबातला ८:१२.४८, मग बर्मिंगहॅमला ८:११.२०. आणि ७ जुलै २०२४ रोजी पॅरिसला ८:०९.९१.

दहा वेळा राष्ट्रीय विक्रम. सैनी यांच्या वेळेपासून मोजलं तर एकूण जवळजवळ २१ सेकंद कमी झाले. पण या दहा पायऱ्यांमध्ये एकही पायरी चार सेकंदांची नाही. सर्वात मोठी उडी ३.८६ सेकंदांची, सर्वात लहान ०.८६ सेकंदाची. २१ सेकंद साडेसात फेऱ्यांत वाटले तर एका फेरीला तीन सेकंदांपेक्षा कमी. पस्तीस अडथळ्यांत वाटले तर एका अडथळ्यामागे सुमारे अर्धा-पाऊण सेकंद. म्हणजे जे ३७ वर्षं डोंगरासारखं वाटत होतं, ते तुकडे केल्यावर एका उडीमागे पापणी लवण्याएवढं उरतं.

बर्मिंगहॅमची गोष्ट तर विसरूच नका. १९९८ पासून २०१८ पर्यंतच्या प्रत्येक राष्ट्रकुल स्पर्धेत या प्रकारातली तिन्ही पदकं केनियाची. सुवर्ण त्यांचं, रौप्य त्यांचं, कांस्य त्यांचं. २०२२ मध्ये बीडच्या या जवानाने त्यात घुसून रौप्यपदक घेतलं. सुवर्ण हुकलं ते ०.०५ सेकंदाने.

यातून मला तुम्हाला पहिली गोष्ट सांगायची आहे. ध्येय मोठं असू द्या, पण रोजचा आकडा लहान असू द्या. आपल्या त्या भरतीच्या मुलाचंच घ्या. सैन्य भरतीत १६०० मीटर धावण्याचे पूर्ण गुण हवे असतील तर साडेपाच मिनिटांच्या आत यावं लागतं. समजा तो आज सहा मिनिटं दहा सेकंदांत धावतो. चाळीस सेकंदांचा फरक ऐकून घरचे म्हणतील, तुझ्याच्याने होणार नाही. पण १६०० मीटर म्हणजे ४०० मीटरच्या चार फेऱ्या. एका फेरीला दहा सेकंद. आणि हातात पाच महिने असतील तर एका फेरीमागे महिन्याला दोन सेकंद. आता हे अशक्य वाटतं का? कष्टाचं आहे, पण भीतीचं राहिलं नाही. त्याला पुढचा महिनाभर साडेपाच मिनिटांचा विचारच करायचा नाही. फक्त दोन सेकंद.

वर्कशॉप टाकणाऱ्यानेही तेच करायचं. भांडवल पाच लाख हवं असेल आणि हातात चार वर्षं असतील, तर महिन्याला साडेदहा हजारांच्या आसपास. जमत असेल तर उत्तम. जमत नसेल तर वर्षं वाढवा, किंवा मशीन जुनं घ्या. पण आकडा मांडल्याशिवाय हे कळणारच नाही. ज्या इच्छेचा भागाकार केला नाही, ती इच्छा माणसाला नुसतं छळते.

आता दुसऱ्या गोष्टीकडे येतो. डोळ्यासमोर चित्र आणणं. हल्ली याला फार मागणी आहे. भिंतीवर बंगल्याचा फोटो लावा, गाडीचा फोटो लावा, डोळे मिटा, आपल्याला ते मिळालंच आहे असं समजा, म्हणजे ते आपोआप तुमच्याकडे चालत येईल. असे व्हिडिओ तुम्ही सगळ्यांनी पाहिले असतील. मी तुम्हाला स्पष्ट सांगतो, सैन्यात आम्हीही डोळ्यासमोर चित्र आणतो, पण असं नाही.

हल्ल्याआधी आम्ही सँड मॉडेल करतो. जमिनीवर माती पसरून समोरची टेकडी हुबेहूब मांडायची. इथे उतार, इथे नाला, इथे झाडी, इथे शत्रूचा बंकर. दोऱ्या, चुना, रंगीत भुकटी, हाताशी येईल ते वापरायचं. मग अधिकारी काठी घेऊन उभा राहतो आणि सगळे गोल बसतात. तिथे झेंडा फडकवण्याचं चित्र कोणी रंगवत नाही. प्रत्येक जण आपलं काम तोंडाने म्हणून दाखवतो. मी इथून निघणार. माझ्या डावीकडे अमुक सेक्शन. नाल्यात पाणी निघालं तर मी वरच्या बाजूने जाणार. माझा सेक्शन कमांडर पडला तर कमान मी घेणार. रेडिओ बंद पडला तर इशारा असा देणार. अंधारात, थकलेल्या अवस्थेत, कानाशी गोळीबार चालू असताना पाय आपोआप योग्य ठिकाणी पडावेत म्हणून ही उजळणी असते. वर झेंडा लागतो तो या उजळणीच्या जोरावर.

मानसशास्त्रानेही याची परीक्षा घेतलेली आहे. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या लीएन फॅम आणि शेली टेलर या दोघींचा १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. परीक्षा जवळ आलेल्या विद्यार्थ्यांचे गट केले. एका गटाला सांगितलं, रोज काही मिनिटं डोळ्यासमोर आणा की निकाल लागलाय, तुम्हाला उत्तम श्रेणी मिळाली आहे, तुम्ही आनंदात आहात. दुसऱ्या गटाला सांगितलं, डोळ्यासमोर आणा की तुम्ही अभ्यासाला बसलाय, टीव्ही बंद केलाय, पुस्तक उघडलंय, टिपणं काढताय. दुसऱ्या गटाने अभ्यास लवकर सुरू केला, जास्त तास केला आणि गुणही जास्त मिळवले. निकालाचं चित्र रंगवणाऱ्यांना त्याचा फायदा झाला नाही.

गॅब्रिएल ओटिंगेन या न्यूयॉर्क विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पदवी घेऊन नोकरी शोधणाऱ्या तरुणांचा दोन वर्षांचा मागोवा घेतला. चांगल्या नोकरीची गोड स्वप्नं जे जास्त रंगवत होते, त्यांना नोकरीचे प्रस्ताव कमी आले आणि पगारही कमी मिळाला. कारण समजायला अवघड नाही. स्वप्नात मिळालं की मन सैलावतं. पोट भरल्यासारखं वाटतं, आणि भरल्या पोटी शिकारीला कोण जातं?

म्हणून चित्र जरूर बघा, पण दोन बदल करून. एक, मुक्कामाचं चित्र घटकाभर बघा आणि वाटेचं चित्र रोज बघा. दोन, त्या चित्रात अडथळा मुद्दाम घाला आणि त्यावर आपलं उत्तरही घाला. “जर असं झालं, तर मी असं करीन.” पीटर गोलवित्झर या मानसशास्त्रज्ञाने या जर-तरच्या पद्धतीचा खूप अभ्यास केला आहे. नुसतं “मी व्यायाम करीन” म्हणणाऱ्यापेक्षा “सकाळी शिफ्टवरून आलो की बूट न काढता आधी मैदानावर जाईन” असं ठरवणारा ते जास्त वेळा करतो. शिफ्टवरून येऊन खाटेवर टेकलो की संपलं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. मग अडथळा खाट आहे. उत्तर खाटेपर्यंत न जाण्यात आहे.

इथे कोणीतरी मनात म्हणत असेल, साहेब, आकडे मांडले, उजळणी केली, पण नशिबाने पायच काढून घेतले तर? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मुरलीकांत पेटकर यांनी दिलेलं आहे.

पेटकर सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे. सैन्याच्या ईएमई दलात जवान, आणि हाडाचे बॉक्सर. १९६५ च्या युद्धात त्यांना अनेक गोळ्या लागल्या. एक गोळी पाठीच्या कण्यात राहिली. कमरेखालचं शरीर लुळं पडलं. ज्याची सगळी इच्छा बॉक्सिंगच्या रिंगणात होती, त्याला आता उभंच राहता येणार नव्हतं. मुंबईला नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात उपचार चालू असताना व्यायाम म्हणून ते पाण्यात उतरले. उपचारासाठी सुरू झालेलं पोहणं त्यांनी स्पर्धेचं केलं. १९६८ मध्ये तेल अवीवच्या पॅरालिम्पिकमध्ये ते टेबल टेनिस खेळले. १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात त्यांनी ३७.३३ सेकंदांचा जागतिक विक्रम करून सुवर्णपदक घेतलं. पॅरालिम्पिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्ण. ऑलिम्पिकमध्ये भारताला पहिलं वैयक्तिक सुवर्ण त्यानंतर ३६ वर्षांनी, २००८ मध्ये मिळालं. पेटकरांना पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये, म्हणजे ४६ वर्षांनी. टाळ्यांची वाट बघत बसले असते तर काय झालं असतं, विचार करा.

पेटकरांकडून मी जे घेतलं ते असं. इच्छा आणि उद्दिष्ट या दोन वेगळ्या वस्तू आहेत. देशासाठी खेळून जिंकायचं, ही इच्छा. बॉक्सिंग हे उद्दिष्ट. गोळीने उद्दिष्ट नेलं, इच्छा नेता आली नाही. त्यांनी इच्छा तीच ठेवली आणि उद्दिष्ट बदललं. आपण नेमकं उलटं करतो. एक परीक्षा हुकली की इच्छाच सोडून देतो, नाहीतर तीच परीक्षा कवटाळून दहा वर्षं बसतो. तुमच्यातल्या स्पर्धा परीक्षावाल्यांनी हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावं. लोकांची सेवा करायची असेल, मान मिळवायचा असेल, घर वर काढायचं असेल, तर त्याचा रस्ता एकच नाही. म्हणून सुरुवातीच्या तारखेबरोबर शेवटची तारीखही लिहा. अमुक वर्षापर्यंत, अमुक प्रयत्न, त्यानंतर दुसरं उद्दिष्ट. लढाईतही माघारीचा मार्ग आधीच ठरलेला असतो, आणि तो ठरवणाऱ्याला कोणी भित्रा म्हणत नाही.

आता इथून जवळची गोष्ट. इथून चेन्नईच्या दिशेने साधारण तीस किलोमीटरवर परंगीमलै, म्हणजे सेंट थॉमस माऊंट आहे. तिथे ऑफिसर्स ट्रेनिंग ॲकॅडमी आहे. १९६३ मध्ये सुरू झाली, आमच्या वेळी तिला ट्रेनिंग स्कूल म्हणत, १९८८ पासून ॲकॅडमी म्हणतात. पदवीधर होऊन सैन्यात येणारे आमच्यासारखे अनेक मराठी तरुण त्या मैदानावरून गेले. १९९२ पासून तिथे मुलीही शिकायला लागल्या.

१७ नोव्हेंबर २०१५ रोजी काश्मीरमध्ये कुपवाड्याच्या जंगलात अतिरेक्यांशी लढताना साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक शहीद झाले. मागे पत्नी स्वाती महाडिक आणि दोन लहान मुलं. स्वातीताईंनी तेव्हाच ठरवलं की आपण सैन्यात जायचं. वर्दी हे पतीचं पहिलं प्रेम होतं, ती आपण घालायची. मंडळी, दुःखाच्या वेळी माणूस बरंच काही बोलतो. ते बोलणं खरं की नाही, हे पुढच्या महिन्यांत कळतं. त्यांच्यासमोर पहिली अडचण वयाची होती. संरक्षण मंत्रालयाने त्यांना वयात सवलत दिली. पण सवलत फक्त दार उघडते, आत चालत जावंच लागतं. एसएसबीची पाच दिवसांची निवड त्यांनी पार केली. मुलांना वसतिगृहाच्या शाळेत ठेवलं. आणि वयाच्या पस्तिशीनंतर, विशी-पंचविशीतल्या मुलींबरोबर, चेन्नईच्या या उकाड्यात सुमारे अकरा महिन्यांचं प्रशिक्षण पूर्ण केलं. ९ सप्टेंबर २०१७ रोजी त्या लेफ्टनंट झाल्या.

त्यांच्यानंतर मेजर कौस्तुभ राणे यांच्या पत्नी कनिका राणे २०२० मध्ये, आणि मेजर प्रसाद महाडिक यांच्या पत्नी गौरी महाडिक याही याच ॲकॅडमीतून अधिकारी झाल्या. एकीने वाट पाडली की पुढचीला ती वाट दिसते. आपलं ध्येय आपल्यापुरतं राहत नाही, ते असं.

मी त्या मैदानावरून गेलेलो आहे, म्हणून सांगतो. तिथे पहाटे साडेचारला उठल्यावर कोणाच्याही मनात भव्य विचार नसतो. बुटांचे बंद बांधायचे असतात. रायफल साफ असावी लागते. पाठीवर ओझं घेऊन पुढच्या खांबापर्यंत पळायचं असतं, आणि तिथे पोचल्यावर त्याच्या पुढच्या खांबापर्यंत. अकरा महिने म्हणजे असे हजारो खांब. प्रबळ इच्छेचं काम काय, तर पहाटे उठवणं. पुढचं सगळं काम सवयीचं.

आता पैशाविषयी बोलतो, कारण आपल्या लोकांत स्वप्न एकट्याचं नसतं. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये सहावे आले. मातीत घडलेला पैलवान, तिथे गादीवरची कुस्ती. त्यांनी पुढची चार वर्षं तयारी केली. १९५२ ला हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक.

खर्डेकरांनी घर का गहाण ठेवलं? त्यांच्यासमोर नुसती इच्छा नव्हती. चार वर्षांपूर्वीचा सहावा क्रमांक होता, आणि रोजची मेहनत डोळ्यासमोर होती. तुमच्या वडिलांनी जमीन विकून, आईने दागिने मोडून तुम्हाला पैसे द्यावेत असं वाटत असेल, तर त्यांना स्वप्न सांगू नका, वही दाखवा. गेल्या सहा महिन्यांत काय केलं, ते तारखेसह दाखवा. आणि तसं दाखवण्यासारखं काही नसेल, तर त्यांचा पैसा मागू नका. हे कडक वाटेल, पण घरच्यांचं आयुष्यही तुमच्या स्वप्नाला जोडलेलं असतं.

शेवटी, आपण ज्या गावात बसलो आहोत, त्या गावाची आठवण. श्रीपेरुंबुदूर ही रामानुजाचार्यांची जन्मभूमी. १०१७ मध्ये ते इथे जन्मले असं परंपरा मानते. त्यांच्याविषयी एक कथा इथे घरोघरी सांगतात. तिरुक्कोष्टियूरच्या एका गुरूंकडून त्यांना मंत्राचा अर्थ हवा होता. श्रीरंगमहून ते पायी गेले. गुरूंनी परत पाठवलं. पुन्हा गेले, पुन्हा परत. असं सतरा वेळा झालं. अठराव्या वेळी गुरूंनी अर्थ सांगितला, पण कोणाला सांगू नको अशी अट घातली. रामानुज मंदिराच्या गोपुरावर चढले आणि खाली जमलेल्या सगळ्यांना तो अर्थ ओरडून सांगितला. मला पाप लागलं तरी चालेल, पण एवढ्या लोकांचं भलं होऊ दे.

या कथेचे दोन भाग आहेत आणि दोन्ही आपल्या कामाचे आहेत. पहिला, अठरा वेळा जाण्याची तयारी. सतराव्या वेळेलाही वाट तेवढीच लांब असते. दुसरा, मिळाल्यावर काय केलं. तुमचं वर्कशॉप झालं तर गावातल्या दोन पोरांना हाताखाली घ्या. तुम्ही परीक्षा पास झालात तर तुमच्या वह्या पुढच्याला द्या. तुम्ही भरती झालात तर सुट्टीवर आल्यावर गावातल्या मुलांना मैदानावर न्या.

आता गृहपाठ. सैन्यातला माणूस बोलायला आला आणि काम न देता गेला असं होत नाही. आज रात्री एक वही घ्या, मोबाईल नको, वहीच. पाच ओळी लिहा.

पहिली ओळ: मला काय हवं आहे, एका वाक्यात, आकड्यासह.

दुसरी ओळ: कोणत्या तारखेपर्यंत. आणि तोपर्यंत नाही झालं तर पुढचं उद्दिष्ट काय.

तिसरी ओळ: त्याचा भागाकार. या महिन्यात किती, या आठवड्यात किती.

चौथी ओळ: माझ्या वाटेतला सर्वात मोठा अडथळा कोणता, आणि तो आला तर मी काय करीन. “जर” आणि “तर” हे दोन्ही शब्द त्या ओळीत हवेत. नशीब, सरकार, साहेब यांची नावं लिहू नका. तुमच्या हातातला अडथळा लिहा. बहुतेकांचा तो खिशात असतो आणि त्याला चार्जर लागतो.

पाचवी ओळ: उद्या किती वाजता, कुठे, काय करणार.

मग झोपण्याआधी पाच मिनिटं डोळे मिटून फक्त ही पाचवी ओळ बघा. उद्याची ती वेळ, ती जागा, तुमचा हात, तुमचं काम. बंगला नको, गाडी नको, टाळ्या नकोत. आणि उद्या रात्री ते झालं असेल तर त्यापुढे बरोबरची खूण करा. झालं नसेल तर फुली मारा आणि कारण लिहा. महिन्याच्या शेवटी खुणा मोजा. तीसपैकी वीस असतील तर तुम्ही चांगल्या वाटेवर आहात. दहा असतील तर आकडा जरा लहान करा, पण वही बंद करू नका.

अविनाश साबळे पॅरिस ऑलिम्पिकमध्ये अंतिम फेरीत पोचला, या प्रकारात तिथे पोचणारा पहिला भारतीय पुरुष, आणि तिथे तो अकरावा आला. पदक मिळालं नाही. पण ३७ वर्षं न हललेला आकडा आज २१ सेकंद पुढे सरकलेला आहे, आणि आता कुठल्यातरी गावातला एखादा मुलगा तिथून सुरुवात करील. तुमच्या प्रयत्नातून पदक निघेल की नाही, याची हमी मी देऊ शकत नाही, कोणीच देऊ शकत नाही. आकडा पुढे सरकेल, एवढं नक्की.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी विचारलं, “कधी?”, तर “बघू” म्हणू नका. तारीख सांगा.

उद्याची शिफ्ट सांभाळून जा. जय हिंद.